हरकती मागवल्या, सूचना आल्या. पण शिकलं कोण?

मुंबई महापालिकेने २०२५ मध्ये स्वच्छतेच्या नव्या उपविधींचा, म्हणजे महापालिकेच्या स्वतःच्या नियमांचा, मसुदा जाहीर केला. ५० चौरस मीटरपर्यंतच्या घराला महिन्याला १०० रुपये आणि ५० ते ३०० चौरस मीटरच्या घराला ५०० रुपये, असं कचरा-शुल्क त्यात सुचवलं होतं. रीतसर हरकती आणि सूचना मागवण्यात आल्या. बोलणं झालं ते अर्थातच पैशांबद्दल: मालमत्ता कर भरतोच आहोत, वर हे कशाला? त्या गदारोळात एक साधा प्रश्न बाजूलाच राहिला. ओला आणि सुका कचरा वेगळा करा, हे आपल्याला २००० सालच्या केंद्रीय नियमांपासून सांगितलं जातंय. मुंबईच्या २००६ च्या उपविधींनी तेच सांगितलं, २०१६ च्या केंद्रीय नियमांनी पुन्हा तेच. मग पंचवीस वर्षांनी तेच वाक्य चौथ्यांदा का लिहावं लागतं?

"लोक ऐकतच नाहीत" हे उत्तर सोपं आहे. पण सांगणाऱ्यानेही पंचवीस वर्षांत ऐकलेलं नाही, हे त्यात लपतं. लोक का ऐकत नाहीत, कुठल्या टप्प्यावर अडतात, वेगळा केलेला कचरा पुढे कुणाच्या हातात जाऊन पुन्हा एक होतो, याची माहिती शहरात भरपूर आहे. ती विखुरलेली आहे. थोडी घरकामाच्या मावशींकडे, थोडी सफाई कामगाराकडे, थोडी गाडीवरच्या मुकादमाकडे, थोडी भंगारवाल्याकडे. ही माहिती एका जागी येऊन तिच्यामुळे नियम बदलणं, याला सरकारी अहवालांत फार जड नाव आहे: 'शाश्वत विकासासाठी भागधारकांचे सामूहिक अध्ययन'. नाव वाचूनच माणूस पान उलटतो. म्हणून आधी नावाची गाठ सोडवू.

तीन शब्द, एकेकदाच

शाश्वत विकास. १९८७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाने केलेली व्याख्या आजही चालते: आजच्या गरजा अशा भागवायच्या, की पुढच्या पिढ्यांना त्यांच्या गरजा भागवणं अशक्य होऊ नये. मुंबईकराला हे सिंकिंग फंडाच्या, म्हणजे सोसायटीने पुढच्या मोठ्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांच्या, भाषेत चटकन कळतं. जी कमिटी वॉचमनचे पगार आणि लिफ्टची देखभाल सिंकिंग फंडातून भागवते, तिच्या काळात मेंटेनन्स वाढत नाही आणि सगळे खूश असतात. वीस वर्षांनी स्लॅब गळायला लागतो तेव्हा ती कमिटी नसते, फंडही नसतो.

भागधारक. हा अनुवाद मुळात फसलेला आहे. भागधारक म्हणजे ज्याच्याकडे कंपनीचे शेअर असतात तो. इथे अभिप्रेत आहे तो वेगळा माणूस: ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो, किंवा ज्याच्यावाचून निर्णय अमलात येत नाही. सोसायटीच्या सफाई कामगाराकडे इमारतीचा एकही शेअर नसतो, पण तो नसेल तर खताचा खड्डा चार दिवसांत बंद पडतो. पुढे मी साधं 'संबंधित' म्हणेन.

सामूहिक शिकणं. सभेत पंचवीस स्लाइड दाखवल्या म्हणजे ते झालं, असं नाही. त्याला दोन कसोट्या लावा. एक, कुणाची तरी समजूत बदलली का? दोन, त्यामुळे एखादा नियम, आराखडा किंवा कंत्राट बदललं का? पहिलंच झालं तर ते प्रबोधन. दुसरंच झालं तर तो आदेश. दोन्ही झालं, आणि समजूत एकाच बाजूची नव्हे तर दोन्ही बाजूंची बदलली, तरच हा शब्द वापरावा.

कोळ्यांना ठाऊक होतं ते आराखड्यात का नव्हतं?

कोस्टल रोड वरळीला सी लिंकला जोडताना समुद्रात खांब येणार होते. बोटी जाण्यासाठी दोन खांबांमध्ये ६० मीटर अंतर ठेवलेलं होतं. कागदावर हा आकडा भरपूर वाटतो. छोटी मासेमारी बोट सात-आठ मीटर लांब, मग साठ मीटर म्हणजे मैदानच की! वरळी कोळीवाड्यातल्या मच्छीमारांचं म्हणणं वेगळं होतं. बोट रुळावरून चालत नाही. वारा आडवा असतो, ओढ आडवी असते, खांबांमधून पाणी जाताना ते आणखी फिरतं. समोरून दुसरी बोट येत असेल, पावसाळ्याच्या तोंडावर लाटा असतील, इंजिन मधेच बंद पडलं, तर बोट पाहता पाहता खांबावर जाते. त्यांनी आधी २०० मीटर मागितले, मग १६० वर आले.

बराच काळ दोन्ही बाजू आपापल्या आकड्यावर अडून होत्या. मच्छीमारांनी समुद्रातलं काम अडवलं. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये मधला एक खांब गाळून अंतर १२० मीटर करायचं ठरलं. एवढं अंतर तोलण्यासाठी धनुष्याच्या आकाराच्या कमानी लागल्या. १३६ आणि १४३ मीटर लांबीच्या या दोन कमानी २०२४ च्या एप्रिल-मे महिन्यांत बसवल्या गेल्या.

यात वाईट हेतू कुणाचा होता असं धरायची गरज नाही. अभियंत्याच्या हिशेबात बोटीची रुंदी होती. बोट वाऱ्यात किती सरकते हे नव्हतं, कारण तो आकडा कुठल्याच तक्त्यात नसतो. तो तांडेलाच्या, म्हणजे बोट चालवणाऱ्या कोळ्याच्या, हातात असतो. उलट बाजूने, खांब काढला की पुलाचा सांगाडाच बदलतो, खर्च आणि मुदत वाढते, हे कोळीवाड्याला आपोआप कळण्यासारखं नव्हतं. दोघेही शिकले, आराखडा बदलला. दोन्ही कसोट्यांवर हे उतरतं. फक्त झालं ते काम अडल्यावर. तेच बोलणं नकाशा पेन्सिलीत असताना झालं असतं, तर रबराने भागलं असतं.

दुरुस्ती उत्तराची की प्रश्नाची?

घरातल्या एसीला तुम्ही २४ अंश सांगितलंत. खोली तापली की तो जोर लावतो, थंड झाली की थांबतो. हेही एक प्रकारचं शिकणं आहे: चूक मोजायची, ती भरून काढायची. पण खिडकी उघडी असेल तर एसी रात्रभर जोर लावेल. 'खिडकी का उघडी आहे?' हा प्रश्न त्याला पडत नाही. संस्थांच्या शिकण्याचा अभ्यास करणारे क्रिस आर्गिरिस आणि डोनाल्ड शॉन यांनी याच उदाहरणावरून शिकण्याचे दोन प्रकार केले. पहिल्यात आपण उत्तर सुधारतो. दुसऱ्यात प्रश्नच तपासतो.

मुंबईत याचं चालतंबोलतं उदाहरण म्हणजे दादर-परळजवळचं, दर पावसाळ्यात तुंबणारं हिंदमाता. हा भाग बशीसारखा खोलगट. चहूबाजूंचं पाणी तिथे येतं. वर्षानुवर्षं प्रश्न एकच होता: हे पाणी समुद्रात लवकर कसं लोटायचं? उत्तरंही त्याच वळणाची: पंप लावा, वाहिन्या मोठ्या करा, पुढे ब्रिटानिया उदंचन केंद्र (पाणी उपसून समुद्रात सोडणारं पंपांचं केंद्र) बांधा, रस्ता उंच करा. प्रत्येकाने थोडा फरक पडला. पण भरतीच्या वेळी समुद्रच पाणी घ्यायला तयार नसतो. आपली बहुतेक पातमुखं, म्हणजे पावसाचं पाणी समुद्रात सोडणारी वाहिन्यांची तोंडं, भरतीच्या पाण्याखाली जातात. दरवाजे बंद ठेवावे लागतात, नाहीतर समुद्रच आत येतो.

२०२१ च्या सुमारास प्रश्न बदलला: पाणी लोटण्याऐवजी भरती ओसरेपर्यंत धरून कुठे ठेवता येईल? आणि मग प्रमोद महाजन कला उद्यान आणि सेंट झेवियर्स मैदान इथे जमिनीखाली टाक्या आल्या. हिंदमाता त्यामुळे कायमचं कोरडं झालं असं नाही. टाकी भरली आणि पाऊस थांबला नाही की पाणी चढतंच. पण हे वेगळ्या जातीचं उत्तर आहे, आणि ते पंपाच्या ताकदीकडे पाहत बसलो असतो तर सुचलं नसतं. हिंदमात्याच्या दुकानदाराला भरतीचं वेळापत्रक तोंडपाठ असतं. किती वाजता शटरला फळी लावायची आणि किती वाजता काढायची, हे तो त्यावरूनच ठरवतो. त्याच्या रोजच्या हिशेबात 'पाणी किती वेळ थांबेल' हाच प्रश्न होता.

भांडण मिटायचं तर आकडा एकच हवा

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्याला साधारण ७३. एकच शहर, एकच तारीख. कुलाब्याचा आकडा हातात असलेला माणूस म्हणेल, 'एवढ्याने शहर कसं बुडतं?' सांताक्रूझचा आकडा हातात असलेला म्हणेल, 'यापुढे कुठलीही यंत्रणा टिकणार नाही.' दोघंही खरं बोलतायत आणि त्यांचं भांडण कधीच मिटणार नाही. पुढे शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसले, तेव्हा निदान आपल्या भागात किती पडला यावर वाद घालायचं कारण कमी झालं.

अर्थशास्त्राचं नोबेल २००९ मध्ये मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रम यांनी उमेदीच्या काळात लॉस एंजेलिसजवळच्या भूजलाचा अभ्यास केला होता. सगळे विहिरींतून उपसत होते, समुद्राचं खारं पाणी आत शिरत होतं, आणि दुसराच जास्त उपसतो असं प्रत्येकाला वाटत होतं. तिथे तोडगा निघाला, त्याचा पाया रुक्ष होता: एक त्रयस्थ माणूस नेमायचा, प्रत्येकाचा उपसा मोजायचा आणि आकडे दरवर्षी सगळ्यांसमोर ठेवायचे. विश्वास आधी आणि मोजणी नंतर, असं आपण समजतो. तिथे क्रम उलटा होता.

आता खताच्या खड्ड्याशी उभे राहू

मुंबईचा रोजचा कचरा साधारण साडेसहा हजार टन, आणि त्यात निम्म्याहून बराच जास्त ओला. २०१६ च्या नियमांनी दिवसाला सरासरी १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांना 'मोठे उत्पादक' ठरवलं, आणि २०१७ पासून महापालिकेने मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं. अनेक ठिकाणी खड्डे झाले, मशीन आली, फोटो निघाले. त्यातली बरीच आज बंद आहेत. का, हे समजून घ्यायला एक नमुना घेऊ.

१०० घरांची सोसायटी. घरटी पाऊण किलो ओला कचरा धरला तर रोज ७५ किलो. त्यावर रोज निम्मी ते पाऊण भर सुकी पानं हवीत. वजनाने नाही, मापाने. दोन बादल्या ओल्याला एक ते दीड बादली पानं. कारण जिवाणूंना साधारण २५ ते ३० भाग कार्बनला एक भाग नत्र असं जेवण लागतं. भाजीच्या देठांत नत्र आणि पाणी जास्त, पानांत कार्बन जास्त. एक घनमीटरचा जाळीचा कप्पा पाच-सात दिवसांत भरतो, खत व्हायला ४० ते ४५ दिवस लागतात, म्हणून असे सात-आठ कप्पे लागतात. दर दोन-तीन दिवसांनी ढीग वरखाली करायचा. ७५ किलोचं शेवटी १० ते १५ किलो खत उरतं.

तपासायला यंत्र लागत नाही. लोखंडी सळई ढिगाच्या मध्यात पाच मिनिटं खुपसून ठेवा. बाहेर काढल्यावर हातात धरवत नसेल तर आत ५५-६० अंश आहे, काम छान चाललंय. मूठभर माल घेऊन दाबा. एखाद-दुसरा थेंब आला तर ओल बरोबर, धार लागली तर जास्त, भुगा झाला तर कमी.

सगळं ठीक चालतं आणि जूनमध्ये वास येतो. पहिल्या मजल्यावरून तक्रार. कमिटीची बैठक. बहुतेक ठिकाणी ठराव असे होतात: कल्चरची (कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंची) जास्तीची पावडर टाका, फवारणी करा, नाहीतर मशीन घ्या. हा एसीचा जोर. मशीनबद्दल एक सांगायलाच हवं: '२४ तासांत खत' म्हणणारी बरीच यंत्रं कचरा तापवून वाळवतात. बाहेर येतो तो भुगा पिकलेलं खत नसतो. ओला झाला की पुन्हा कुजायला लागतो. तो पुढे दहा-पंधरा दिवस मुरवावा लागतो, आणि हे विक्रेत्याच्या पत्रकात शेवटच्या ओळीत असतं किंवा नसतंच.

आता तीच अडचण संबंधितांना खड्ड्याशी उभं करून विचारा. सफाई कामगार सांगेल की वास अंड्यासारखा आहे, तळाला पाणी साचलंय, आणि ढीग वरखाली करायला त्याला वेळच नाही, कारण कंत्राटात दोन विंगचे जिने, पार्किंग आणि टाकीभोवतीची जागा आहे, खताचा उल्लेखच नाही. माळी सांगेल की सुकी पानं फेब्रुवारी-मार्चमध्ये पोत्यांनी पडतात, तेव्हा ती महापालिकेच्या गाडीत जातात. पावसाळ्यात जी मिळतात ती भिजलेली. घरकामाच्या मावशी सांगतील की कितीतरी घरांत शिळी आमटी आणि ताक त्याच डब्यात ओततात, कारण सिंक तुंबतं म्हणून बाईंनी तिथे टाकायला मनाई केलीय. खजिनदार सांगेल की पानांच्या जागी कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) पाच किलोची वीट आणतो, ती महाग पडते म्हणून हात आखडता घेतलाय. चार माणसं, चार तुकडे. एकाजवळही पूर्ण चित्र नव्हतं.

निदान मग सोपं आहे. अंड्यासारखा वास म्हणजे आत हवा नाही. डोळ्याला झोंबणारा अमोनियाचा वास आला असता तर नत्र जास्त झालंय म्हटलं असतं. आंबूस वास म्हणजे आम्ल वाढलंय, बहुधा शिजवलेलं अन्न एकाच जागी पडलंय. इथे आमटी आणि भिजलेली पानं यांनी ढीग गच्च केला आणि तो हलवला गेला नाही. त्यावरचे उपायही तीन नियम बदलण्याचे आहेत: ओल्या डब्यात पातळ काही नको, गाळून उरलेलं घट्ट तेवढंच टाकायचं, मार्चमधली पानं गाडीत न देता झाकलेल्या पोत्यांत साठवायची, आणि सफाईच्या कंत्राटात ढीग हलवण्याची रोजची चाळीस मिनिटं वेगळ्या दराने लिहायची. तिसऱ्यावर सभेत कुरकुर होते. कल्चरच्या पावडरीला मात्र कुणी ना म्हणत नाही.

पांढऱ्या-करड्या अळ्या दिसल्या की आरडाओरडा होतो, म्हणून जाता जाता: त्या बहुतेकदा काळ्या सैनिक माशीच्या असतात. ती माशी घरातल्या अन्नावर येत नाही आणि तिच्या अळ्या कचरा झपाट्याने संपवतात. फार झाल्या तर पानांचा जाड थर द्यावा.

बैठक कशी घ्यायची

बैठक क्लब हाऊसमध्ये नको, खड्ड्याशीच. उभ्याने, वीस मिनिटं, पंधरवड्याला एकदा. सात-आठ माणसं पुरेत: दोन सफाई कामगार, माळी, दोन मावशी, कमिटीतले दोघे, आणि शक्य असेल तेव्हा गाडीवरचा मुकादम. वेळ कामगारांच्या पाळीच्या आत हवी, पाळी संपल्यावर नव्हे. थांबवायचं असेल तर त्या वेळेचे पैसे द्यावेत. सुरुवात कामगाराने करायची. चेअरमन आधी बोलले की बाकीचे मान डोलावतात आणि संपलं.

आधी सात दिवस फक्त मोजणी. ताणकाट्याला बादली अडकवून प्रत्येक विंगचं वजन, आणि प्लास्टिक किंवा डायपर निघालं का एवढंच. वहीत चार रकाने: काय ठरलं होतं, काय झालं, कशामुळे, आता काय बदलायचं. चौथा रकाना सलग तीन बैठकांत रिकामा राहिला तर तुम्ही शिकत नाही आहात, हजेरी लावताय.

सगळ्यात जास्त घात होतो तो दंडाने. वहीतल्या आकड्यावरून घराला दंड किंवा कामगाराच्या पगाराला कात्री लागणार असं दिसलं, की दुसऱ्या दिवसापासून वही निर्दोष भरली जाते. वजनं गोल होतात, प्लास्टिक 'शून्य' होतं. म्हणून पहिले तीन महिने वहीचा वापर दंडासाठी नाही, हे ठरावात लिहून घ्यावं. मुद्दाम कचरा मिसळणाऱ्या घराचं काय करायचं, तो विषय वेगळ्या कागदावर.

'इथे सहीला माणूस मिळत नाही, शिकायला कुठून येणार?'

सगळ्या शंभर घरांनी यायचं नाहीच आहे. पंधरवड्याला वीस मिनिटं म्हणजे वर्षाला माणशी नऊ तासांहून कमी. वार्षिक सर्वसाधारण सभेत मागच्या सभेचं इतिवृत्त मंजूर करण्यावरून होणाऱ्या भांडणात किती तास जातात, ते ज्याचं त्याला ठाऊक.

'मग तज्ज्ञ कशाला हवेत?'

हवेतच. कार्बन-नत्राचं प्रमाण अनुभवातून उमगायला वर्षं जातात, तज्ज्ञ ते पाच मिनिटांत सांगतो. आणि अनुभवी माणसंही चुकतात. अळी म्हणजे रोग हा समज पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी 'निसर्गऋण' हा बायोगॅस प्रकल्प विकसित केला. त्यात कचरा आधी गरम पाण्यासोबत वाटला जातो, उष्णता सोसणारे जिवाणू तो फोडतात, मग हवाबंद टाकीत गॅस तयार होतो. विज्ञान पक्कं. पण नारळाची करवंटी, हाडूक, सुतळी किंवा प्लास्टिकचा तुकडा आत गेला की यंत्र अडतं. म्हणजे गॅस मिळणार की नाही, हे निवडणाऱ्या हातांवर ठरतं. स्त्री मुक्ती संघटनेने १९९८ पासून 'परिसर विकास' कार्यक्रमातून कचरावेचक स्त्रियांना संघटित करून अशा कामाचं प्रशिक्षण दिलं. उकिरड्यावर वर्षं काढलेली बाई पिशवी हातात घेताच आत काय आहे ते ओळखते. जिवाणूशास्त्र तिला शिकता येतं, तिची ही नजर मात्र पुस्तकातून शिकता येत नाही.

'शेवटी मोठ्या आवाजाच्या माणसाचंच चालतं'

हा आक्षेप खरा आहे. मुंबईत नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एएलएम, म्हणजे गल्लीतल्या रहिवाशांनी महापालिकेसोबत परिसर सांभाळायची व्यवस्था, सुरू झाली. काही गल्ल्यांत तिने फार चांगलं काम केलं. पण बऱ्याच ठिकाणी ती निवृत्त, वेळ असलेल्या, इमारतीत राहणाऱ्या मंडळींची राहिली. फेरीवाला, झाडूवाला, शेजारच्या वस्तीतला माणूस 'समस्या' म्हणून चर्चेत आला, बोलणारा म्हणून आला नाही. त्या चार-दोन उत्साही माणसांचं वय झालं की गटही थंडावला.

दुसरी मर्यादाही सांगून टाकावी. माहिती अपुरी असते तिथे एकत्र शिकून मार्ग निघतो. हितच एकमेकांच्या विरोधात असतं तिथे एवढ्याने भागत नाही. जागा कुणाची, उठवायचं कुणाला, भरपाई किती, हे हक्काचे प्रश्न आहेत. ते वाटाघाटीत नाहीतर कोर्टात सुटतात. तिथे 'चला, एकत्र शिकू' म्हणणं म्हणजे समोरच्याला गप्प बसायला सांगणं. आणि निर्णय आधीच झालेला असेल तर लोकांना बोलावूच नये. पुढच्या खेपेला खरंच गरज असेल तेव्हा कुणी येत नाही.

'हे नगरसेवकाचं आणि वॉर्ड ऑफिसचं काम'

आहेच. ७४ व्या घटनादुरुस्तीने मोठ्या शहरांत प्रभाग समित्या आणल्या त्या याचसाठी. पण मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ मुंबईत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. नाल्यात गाळ कुठे अडतो, कुठलं झाकण उघडं राहतं, हे गल्लीतून वॉर्ड ऑफिसात नेणारी वाट त्या काळात अरुंद झाली. आणि अधिकारी तर बदलतातच. सहायक अभियंत्याने तीन पावसाळ्यांत जे जोखलेलं असतं ते बदलीच्या आदेशासोबत दुसऱ्या वॉर्डात जातं. नवा साहेब पहिल्या पावसाळ्यात शून्यापासून सुरू करतो.

सोसायटीतही हेच होतं. सेक्रेटरी बदलला की खड्ड्याचं सगळं शहाणपण त्याच्या व्हॉट्सॲपमध्ये राहतं. म्हणून वही कुणाच्या घरी नको. ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून खड्ड्याच्या शेडमध्ये, खिळ्याला टांगलेली हवी, दोरीने बांधलेल्या पेन्सिलीसकट. पेन दमट हवेत उमटत नाही. आणि दर सप्टेंबरात, पाऊस ओसरताना, मागच्या पानावर पुढच्या वर्षीच्या माणसासाठी दोन ओळी लिहाव्यात. उदाहरणार्थ: 'पानांची पोती तीस नग लागली, वीस कमी पडली. मार्चच्या पहिल्या आठवड्यातच माळ्याला सांगणे. ए विंगच्या बाजूची ताडपत्री फाटली आहे.'